भांडायला खाली या

आमच्या बिल्डिंगचे चेअरमन हळू बोलले असं मी, अगदी शेवटचं सोडलं तर, कधी ऐकलं नाही. त्यांची सगळी नोकरी बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली होती आणि भोंग्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मंद्रूपची गाडी लागली की ते टेबलामागून उठत आणि अशी आरोळी ठोकत, की मोहोळच्या गाडीत चुकून बसलेला माणूसही पिशवी उचलून खाली उतरे. निवृत्तीनंतर जुळे सोलापूर या उपनगरात फ्लॅट घेतला, सोसायटीचे चेअरमन झाले, पण आवाज स्टँडवरचाच राहिला. दूधवाल्याशी तोच, पुण्याच्या मुलीशी फोनवर तोच आणि सकाळी देवापुढे बसले की देवाशीही तोच. त्या आवाजातली एक हाळी आम्हा सगळ्यांच्या कानात बसलेली आहे. "भांडायला खाली या."

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्हाला राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. पाण्याचा दिवस होता, म्हणजे चार दिवसांनी एकदा नळाला पाणी येण्याचा. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. खालच्यांच्या टाक्या भरून वाहत होत्या आणि दुसऱ्या मजल्यावर आमच्या नळाला नुसती हवा येत होती. मी गॅलरीतून तोंड सोडलं. मला राग आला की मी मागचापुढचा विचार करत नाही, हे माझ्या कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे. खालून एक धोतर नेसलेले, उंच, काळेसावळे गृहस्थ मान वर करून शांतपणे ऐकत होते. माझा दम संपल्यावर ते म्हणाले, "मॅडम, वरनं भांडू नका. माझी मान दुखती. भांडायला खाली या."

मी ओढणी खोचून खाली उतरले. कंपाउंडच्या भिंतीला लागून कडुलिंबाखाली सिमेंटचा एक बाक आहे, त्यावर ते बसले होते. मला पाहून "बर्री, कुंदर्री" म्हणाले. घरात ते कानडी बोलत, आणि मनापासून या-बसा म्हणायचं झालं की तेच तोंडात येई. तेवढ्यात त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, तळमजल्यावरच्या त्यांच्या दारातून एक ताट घेऊन आल्या. ताटात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. ताट एकच. त्यांनी ते आम्हा दोघांच्या मधे ठेवलं आणि आत गेल्या. हा पाहुणचार आहे की पाणउतारा, मला कळेना. चेअरमन म्हणाले, "हितला नियम हाय. आदी तुकडा मोडायचा, मग बोलायचं. ताट संपंस्तवर कुणी उठायचं न्हाय."

कडक भाकरी खाल्लेल्या माणसाला या नियमातली मेख लगेच कळेल. पापडासारखी वाळलेली ती ज्वारीची भाकरी तोंडात असली की माणसाला ओरडता येत नाही. चावण्यात वेळ जातो, आणि चावत असताना दुसरं काही करता येत नसल्यामुळे समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. आपलं तोंड मोकळं होईपर्यंत त्याने तुकडा मोडलेला असतो, म्हणजे आपली पाळी. मी त्या दिवशी चेअरमनना काय वाटेल ते बोलले. त्यांनीही माझी गय केली नाही. नवीन माणसं आधी चौकशी करत नाहीत, आधी बोंबलतात, असं सरळ तोंडावर म्हणाले. ताट संपलं तेव्हा आमचं भांडण मिटलेलं नव्हतं. पण मोटर कुणी किती वेळ लावायची याचं काहीतरी ठरलं होतं, आणि काकूंच्या चटणीत लसूण जरा जास्त आहे यावर आमचं एकमत झालं होतं.

ते भांडणं मिटवत नसत, हे लक्षात घेतलं पाहिजे. पुष्कळ लोकांचा तसा समज होता आणि तो त्यांना आवडत नसे. मिटवणारा माणूस दोघांनाही अर्धं अर्धं खोटं बोलायला लावतो, असं ते म्हणत. त्यांना भांडण चालू राहायला हवं असे, फक्त बाकावर. हे सगळं ते स्टँडवर शिकले होते. गाडीत जागेवरून रोज मारामाऱ्या व्हायच्या, रुमाल टाकणारा आणि रुमाल उचलून फेकणारा एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे, तरी दोघं त्याच गाडीने जायचे. "जागंवरनं भांडणारा माणूस कदी उतरत न्हाय," ते सांगायचे. "त्याला जायचंच असतं त्या गाडीनं. उतरतो तो गप बसलेला. त्याच्याकडं कुणाचं ध्यान नसतं."

या एका समजुतीवर त्यांनी सोसायटीतला सगळ्यात विचित्र रिवाज घातला होता. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला आमच्याकडे झेंडा चेअरमन फडकवत नसत. मागच्या झेंडावंदनापासून जो त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडला असेल, त्याच्या हातात ते दोरी देत. आदल्या दिवशी संध्याकाळी बाकावर उभं राहून नाव जाहीर करायचे. ज्याचं नाव येई तो लाजायचा, बायको त्याच्याकडे रागाने बघायची आणि बाकीचे टाळ्या वाजवायचे. एका वर्षी पार्किंगच्या पट्ट्यांवरून मी त्यांना इतकं छळलं, की तो मान मला मिळाला. मी आयुष्यात कधी झेंडा फडकवला नव्हता. दोरी ओढताना माझे डोळे भरून आले, आणि बाजूला उभे राहून चेअरमन, त्यांच्या मते कुजबुजत, सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हळू वडा ताई, देशाचा हाय."

या मानाचे खरे दावेदार दोघं. दोघंही तिसऱ्या मजल्यावरचे, समोरासमोर दारं. एक सर, हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, बोलणं शुद्ध आणि लांबलचक. दुसरे टॉवेलवाले, तेलुगू विणकर घरातले, एमआयडीसीकडे त्यांचे माग आहेत. बोलणं तुटक आणि झोंबणारं. सर एका पक्षाचे आणि टॉवेलवाले दुसऱ्याचे. पक्षांची नावं मी लिहीत नाही. तुमच्या बिल्डिंगमध्येही हे दोघे असतील आणि नावं तुम्हाला पाठ असतील. देशाचं काय चाललंय यावर हे दोघं रोज संध्याकाळी बाकावर भांडत, मधे काकूंचं ताट आणि ताटाच्या पलीकडे चेअरमन. ते दोघांनाही विरोध करत. सरांना म्हणायचे, तुमाला तुमच्या नेत्यात एक बी खोट दिसत न्हाय, डोळे तपासून घ्या. टॉवेलवाल्यांना म्हणायचे, तुमाला त्याच नेत्यात एक बी चांगलं दिसत न्हाय, तुमी बी तपासून घ्या, दोघं मिळून जावा, एकाच रिक्षाचं भाडं पडंल.

तळमजल्यावर चेअरमनांच्या शेजारी नदाफ राहत. शिक्षण खात्यातून रिटायर झालेले, पानाचा डबा जवळ बाळगणारे, अतिशय मवाळ गृहस्थ. ते भांडणात पडत नसत, फक्त बाकाच्या टोकाला बसून ऐकत आणि मधूनच एखादं वाक्य असं टाकत की सर आणि टॉवेलवाले दोघंही एकदम त्यांच्यावर उलटत. एका सहामाहीत मात्र काय बिनसलं कुणास ठाऊक, गेटच्या दुरुस्तीवरून नदाफ चेअरमनांशी असे भिडले, की झेंड्याचा मान त्यांनी सरांच्या आणि टॉवेलवाल्यांच्या नाकासमोरून उचलला. त्या सकाळचा फोटो मी काढलेला आहे. दोरी धरलेले नदाफ, मधे चेअरमन, त्यांच्या एका खांद्यावर सरांचा हात आणि दुसऱ्या खांद्यावर टॉवेलवाल्यांचा. दोघं हरल्यामुळे फुगलेले आहेत आणि फोटोसाठी म्हणून हसतायत. बिल्डिंगचा इतका चांगला फोटो पुन्हा कुणी काढला नाही.

मग हळूहळू भांडणं खिशात गेली. कुठल्या दिवसापासून, ते मला सांगता येणार नाही. सर बाकावर येत, पण बोलायच्या ऐवजी फोन पुढे करत, हे बघा म्हणत. टॉवेलवाले आपला फोन काढत, हे पण बघा की. दोघंही दुसऱ्याच कुणीतरी बोललेलं एकमेकांच्या डोळ्यांसमोर नाचवत. भाकरी ताटात तशीच पडून राहायची. घरी गेल्यावर सोसायटीच्या ग्रुपवर खरी जुंपायची, आणि तिथे दोघं जी भाषा वापरत ती समोर बसून त्यांच्या तोंडून कधी निघाली नसती. चेअरमन फार वैतागत. फोनात भाकरी मावत न्हाय, हे त्यांचं त्या काळातलं पालुपद. ग्रुपवर ते स्वतः कधी काही लिहीत नसत, फक्त सकाळी खाली उभे राहून वर बघत ओरडत, सर, काल जे लिव्हलं ते हितं येऊन म्हणून दाखवा. सर येत नसत.

निवडणुकीचा निकाल लागला त्या संध्याकाळी सरांच्या बाजूच्या पोरांनी तिसऱ्या मजल्यावर टॉवेलवाल्यांच्या दारासमोर फटाक्यांची माळ लावली. त्यांची सून बाळंतीण होती, घरात तान्हं मूल होतं. टॉवेलवाले धावत खाली आले, सर बाकापाशी पेढे वाटत होते. त्या दिवशी आदी तुकडा मोडा म्हणायला कुणाला वेळ मिळाला नाही. टॉवेलवाल्यांनी पेढ्यांचा बॉक्स उडवला, सरांनी त्यांची कॉलर धरली, दोन्हीकडची माणसं धावली आणि मधे शिरले ते चेअरमन. कुणाचा धक्का लागला ते कुणीच पाहिलं नाही, किंवा पाहिलं असं कुणी म्हटलं नाही. ते पडले आणि बाकाच्या कडेवर त्यांचं कपाळ आपटलं. पांढऱ्या धोतरावर रक्त सांडलं. काकू दारात ताट घेऊन उभ्या होत्या.

कपाळाला टाके पडले. चेअरमन परत आले तेव्हा डोक्याला पट्टी होती आणि आवाजातला जोर ओसरला होता. पुढच्या आठवड्यात बाकाच्या मागच्या भिंतीवर एक पत्र्याचा बोर्ड लागला. निळ्यावर पांढरी अक्षरं होती: येथे राजकारणावर बोलू नये. खाली: चेअरमन. असे बोर्ड सोलापुरात चहाच्या हॉटेलांत, सलूनमध्ये पुष्कळ आहेत, त्यात नवल नव्हतं. नवल हे, की तो त्यांनी लावला. सगळ्यांना हायसं वाटलं. आमच्या घरातही यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाले, चला, आता जरा शांतता लाभेल. लोक म्हणाले, चेअरमन घाबरले. मी विचारायला गेले तर ते कडुलिंबाकडे बघत बसले.

शांतता लाभली. इतकी सभ्यता मी त्या बिल्डिंगमध्ये पूर्वी कधी पाहिली नव्हती. जिन्यात सर आणि टॉवेलवाले एकमेकांना नमस्कार करत आणि बाजूला सरून वाट देत. बाकावर कुणी बसेना, कारण तिथे बसून बोलायचं काय? सोसायटीच्या ग्रुपवर फक्त सुप्रभात येऊ लागलं, आणि बघता बघता त्याच्या शेजारी आणखी दोन ग्रुप निघाले, एक सरांकडच्यांचा, एक टॉवेलवाल्यांकडच्यांचा. मला दोघांनीही घेतलं, बहुधा मी कुणाचीच नाही म्हणून, किंवा माझ्या तोंडाला भिऊन. त्यामुळे एका ग्रुपवर दुसऱ्या ग्रुपबद्दल काय बोलतात ते मी रोज वाचत असे. मग गणपती दोन झाले. पाण्याचा टँकर मागवायचा तर दोन येऊ लागले, एक पुढच्या गेटने आणि एक मागच्या. सरांकडची शिकवणी टॉवेलवाल्यांच्या नातीने सोडली. कुणी कुणाशी भांडलं नाही. एक शब्दही कुणी वर-खाली केला नाही.

पहिल्यांदा नदाफ गेले. त्यांनी फ्लॅट विकल्याचं आम्हाला टेंपो दारात आल्यावर कळलं. चेअरमन धोतर खोचून त्यांच्या गाद्या, कपाटं उचलू लागले. उचलता उचलता विचारत होते, कुणी काय बोललं का, मला नाव सांगा, मी त्याला खाली बोलावतो. दोन्ही ग्रुपवर नदाफांबद्दल, त्यांच्या लोकांबद्दल काय लिहिलं जात होतं ते मी वाचलं होतं. नदाफांना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि तरीही सगळं माहीत होतं. ते म्हणाले, "कोई कुछ बोलताइच नै, चेअरमनसाब. झगडते तो मैं रुक जाता." टेंपो वळेपर्यंत चेअरमन गेटमध्ये उभे होते. त्या दिवशी ते काकूंना एवढंच म्हणाले, की गप बसलेला उतरला.

त्यानंतरचा पंधरा ऑगस्ट मी विसरणार नाही. आदल्या संध्याकाळी नाव जाहीर झालं नाही. सकाळी सगळे स्वच्छ कपडे घालून जमले, सरांकडचे पुढच्या बाजूला, टॉवेलवाल्यांकडचे पाण्याच्या टाकीच्या बाजूला, मधे मोकळी जागा. चेअरमन खांबापाशी दोरी हातात धरून उभे होते. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग त्या जुन्या, स्टँडवरच्या आवाजात म्हणाले, "यंदा माझ्याशी कुणीच भांडलं न्हाय. दोरी कुणाला देऊ?" मला वाटलं आता सर तरी पुढे होतील, टॉवेलवाले तरी काही टाकून बोलतील. दोघंही झेंड्याकडे बघत होते. मग चेअरमननी स्वतःच दोरी ओढली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. झेंडा व्यवस्थित उलगडला, आम्ही राष्ट्रगीत म्हटलं, सगळ्यांनी अगदी सुरात म्हटलं. जिलेबी खायला कुणी थांबलं नाही. दोन्हीकडे वेगळी मागवलेली होती.

ते त्यानंतर फारसे बाहेर पडले नाहीत. छातीचं दुखणं निघालं. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा काकू डबा भरायला घरी गेल्या होत्या. चेअरमन खाटेवर टेकून बसले होते आणि पहिल्यांदाच हळू बोलत होते. मला ते सहन होईना. मी म्हटलं, जरा मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाही. ते हसले. मग म्हणाले, ताई, एक विचारतो, तुमी शिकलेल्या हाय. आपली बिल्डिंग तर गेली. देशाचं बी असंच होणार का? ही गाडी पुढं जाईल का? मी म्हटलं, जाईल की, इतकी वर्षं गेली नाही का. माझ्या बोलण्यात जीव नव्हता, ते त्यांना कळलं.

"गाडी जाईल," ते म्हणाले. "गाडीला काय, डिझेल असलं की जाती. पण नुसती गाडी पोचून काय करायचं? आत एकमेकांच्या मांडीला मांडी लावून माणसं बसल्यात आणि कोण कुणाशी बोलत न्हाय. मी आसल्या गाड्या बगितल्यात. मयताला निगालेल्या असतात." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. बोर्डाचं विचारावं असं फार मनात आलं, पण त्या कपाळावरच्या व्रणाकडे बघून विचारलं नाही.

ते गेल्यावर मातीला सगळे आले. दोन्हीकडचे आले, रस्त्याच्या दोन कडांनी चालले. आणि मग दोन शोकसभा ठरल्या. एकाच संध्याकाळी, एकाच वेळी, एक पुढच्या पार्किंगमध्ये आणि एक गच्चीवर. दोन्ही ग्रुपवर निरोप आला, की चेअरमन आपले होते, मनाने कायम आपल्या बाजूचे होते, आणि दुसऱ्यांनी त्यांना जिवंतपणी फार त्रास दिला. दोन्हीकडच्यांनी माझ्याकडे त्यांचा चांगला फोटो मागितला. मी तो नदाफांच्या झेंडावंदनाचा फोटो दोन्हीकडे पाठवला. माझा हेतू होता. मला वाटलं, फोटो बघून तरी कुणाला काही वाटेल.

पार्किंगमध्ये गेले तर फ्लेक्स लागला होता. चेअरमनांचा चेहरा मोठा, हसरा. शेजारी सर. नदाफ नव्हते आणि टॉवेलवाले नव्हते, कडेने कापून काढले होते. पण कापणाऱ्याला टॉवेलवाल्यांचा हात काढता आला नव्हता, तो चेअरमनांच्या खांद्यावर होता आणि तो काढायचा तर खांदाच कापावा लागला असता. मनगटापर्यंतचा, घड्याळ घातलेला, कुणाचाच नसलेला एक हात चेअरमनांच्या खांद्यावर तसाच राहिला होता. मी जिना चढून गच्चीवर गेले. तिथे तोच फोटो, शेजारी टॉवेलवाले, आणि दुसऱ्या खांद्यावर सरांची चार बोटं, त्यातल्या एकात पुष्कराजाची अंगठी. मला भडभडून आलं. राग होता की रडू, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

काकूंना दोन्हीकडे बोलावलं होतं. त्या आधी पार्किंगमध्ये आल्या. पांढरी साडी, हातात काही नाही; ताटाशिवाय त्यांना मी घराबाहेर क्वचितच पाहिलं होतं. सरांचं भाषण चालू होतं, चेअरमनांनी सर्वांना कसं एकत्र ठेवलं यावर. काकू खुर्चीवर बसल्या नाहीत. फ्लेक्सपाशी गेल्या, चष्मा सारखा केला, बराच वेळ बघत राहिल्या. मग मागे वळून अगदी साधेपणाने, खरोखरच विचारावं तसं विचारलं, "सर, ह्यांच्या खांद्यावर हा हात कुणाचा हो?"

सरांचं वाक्य अर्धवट राहिलं. पुढच्या रांगेतल्यांनी माना खाली घातल्या. घड्याळ सगळ्यांच्या ओळखीचं होतं. काकू मग गुडघ्यावर हात ठेवत, कठडा धरत एकेक मजला चढून गच्चीवर गेल्या. मी मागे होते. तिथेही त्यांनी तेच विचारलं. टॉवेलवाले समईची वात सारखी करायला वाकले. काकू एकही अश्रू न गाळता घरी परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीला निघाले तर बाकामागची भिंत रिकामी होती. पत्र्याचा बोर्ड खाली मातीत पडलेला, शेजारी घरातला बत्ता. बाकावर काकू बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी ताट. कडक भाकरी, चटणी, दही. मला बघून म्हणाल्या, "बस पोरी. भांड माझ्याशी."

मी म्हटलं, काकू, आज नको, आणि आता भांडायला राहिलंय काय? त्या म्हणाल्या, असंल की काय तरी. त्यांच्यावर असंल, माझ्यावर असंल. तुकडा मोड आणि बोल. मी पर्स खाली ठेवली, तुकडा मोडला आणि इतके दिवस गिळलेलं एकदाचं बोलले. मी म्हटलं, चेअरमननी हा बोर्ड लावायला नको होता. ज्या माणसाने भांडायला शिकवलं त्यानेच तोंडं शिवली. बिल्डिंग फटाक्यांनी फुटली नाही, या पत्र्याने फुटली.

काकू शांतपणे चावत होत्या. घास गिळून झाल्यावर म्हणाल्या, "त्यांनी न्हाय लावला. मी लावायला लावला. टाके तू बगितलेस की. त्या दिवशी देवापुढं त्यांचा हात धरला मी. म्हणलं, तुमाला ही बिल्डिंग पायजे का मी पायजे. लई रडले ते. मग पेंटरकडं गेले."

मला दया यायला हवी होती. आला तो राग. मी म्हटलं, तुम्ही त्यांचं कपाळ वाचवलंत आणि त्यांना मारलंत. हे बोलून मी स्वतःच हादरले, पण शब्द गेला होता. काकूंचा चेहरा लाल झाला. त्या म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याचं रक्त असं सांडलं असतं तर तू काय केलं असतंस, देश वाचवला असतास? मी म्हटलं, निदान सगळ्यांना विचारलं असतं, काय करायचं म्हणून. त्या म्हणाल्या, कुणाला विचारायचं, माळ लावणाऱ्याला? स्वयंपाकघराबाहेर कधी न ऐकलेला त्यांचा आवाज चढत गेला, माझा चढला. मी रडत होते, त्याही रडत होत्या आणि आम्ही दोघी भाकरी मोडत भांडत होतो. आमच्या बिल्डिंगमध्ये किती तरी दिवसांनी माणसाचा आवाज होत होता.

वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावरची होती; सरांची की टॉवेलवाल्यांची, ते खालून कळत नव्हतं. काकू बोलता बोलता थांबल्या. तोंड वर करून, त्यांना जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणाल्या, "भांडायला खाली या की."

आम्ही दोघी वर बघत राहिलो. खिडकी हळूच लागली, आणि आतून कडी घातल्याचं खालपर्यंत ऐकू आलं. ताटात अजून अर्धी भाकरी होती.